आवाज कमी करायचं बटण

तोंडवलीला आमच्या खळ्यात दोन घरांची दारं उघडतात. एक आमचं, एक थोरल्या काकांचं. आजोबा गेल्यावर घर वाटलं गेलं, पण अंगण, म्हणजे आमचं खळं, तसंच राहिलं. विहीर नेमकी त्याच्या मधोमध आहे आणि तिचे वाटे करता येत नाहीत. त्यामुळे कितीही भांडलो तरी पाणी भरायला सगळ्यांना तिथेच यावं लागतं. एकमेकींशी न बोलता, एकाच रहाटावर, एकीमागून एक कळशी भरणाऱ्या दोन बायका मी लहानपणापासून बघत आले आहे. एक माझी आई आणि दुसरी काकी.

काकांचा मुलगा माझ्याहून बराच मोठा. मी त्याला दादा म्हणते. अजूनही म्हणते, दुसरं काय म्हणणार. तो काही वर्षं गोव्यात हॉटेलात होता. परत आला तो पर्यटकांचा धंदा करायचं ठरवूनच. मागच्या बाजूला खोल्या बांधल्या, डॉल्फिन दाखवायला होडी ठरवली, आणि मग त्याला आमच्या दारासमोरची खळ्याची बाजू हवीशी झाली. पाहुण्यांच्या गाड्यांना तिथे शेड घालायची होती. बाबांनी "जमाचा नाय" एवढंच सांगितलं आणि विषय संपवला. म्हणजे बाबांना वाटलं की संपला.

त्यानंतर दादाची मोटारसायकल आली. जड, काळी, रुंद हँडलची. तिला बांद्याच्या एका दुकानातून त्याने स्टिरिओ बसवून आणला. हँडलच्या दोन्ही बाजूंना वाटीएवढे स्पीकर, सीटखाली अँप्लिफायरचा बंद डबा, आणि डाव्या मुठीजवळ तीन बटणांची छोटी डबी: पुढचं गाणं, आवाज वाढव, आवाज कमी कर. सीटखालच्या डब्यावर एकही बटण नव्हतं. किल्ली फिरवली की पेन ड्राइव्हवरचं गाणं सुरू व्हायचं, बाकी जे काही करायचं ते हँडलवरूनच.

आता बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा तांडेल आहेत, म्हणजे दुसऱ्याच्या बोटीचं सुकाणू त्यांच्या हातात असतं. बोट संध्याकाळी बंदर सोडते आणि सकाळी परत येते. मासळी उतरवून, जाळी आवरून ते घरी येतात, पेज जेवतात आणि पुढच्या खोलीत खिडकीखाली चटई टाकून आडवे होतात. दुपार टळेपर्यंतची ती झोप हीच त्यांची रात्र. मागच्या खोलीत चुलीचा धूर असतो, म्हणून झोपायला तीच एक जागा. आणि त्या खिडकीसमोर, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, दादा सकाळी नऊ-साडेनऊला गाडी धुवायला घ्यायचा.

गाडी धुताना गाणी हवीतच. सुरुवातीला आवाज बरा असायचा. मग तो वाढायला लागला. खिडकीची काच, तिच्यातला आरसा, ताटाळ्यातली ताटं, सगळं थरथरायचं. बाबा कूस बदलायचे, डोक्यावर चादर ओढायचे, शेवटी उठून पडवीत बसायचे. डोळे लाल. आई म्हणायची, "सांगा जावन तेका." बाबा म्हणायचे, "खळा दोघांचा आसा. मी कसो सांगू?"

हे किती दिवस चाललं असतं कोण जाणे. पण एका सकाळी बाबांच्या बोटीवरचा एक खलाशी आमच्या वाट्याची मासळी घेऊन आला. बाबा न्हाणीत होते. तो आईला हळू आवाजात म्हणाला, "वैनी, सांगाचा नाय म्हणी होतंय. काल तांडेल सुकाणार पेंगत होते. मी हाक मारलंय, आयकाक नाय. मगे हात घालून सुकाणा फिरवलंय. नायतर बोट खडपार गेली होती."

आईने मासळीची टोपली घेतली, ती तशीच हातात धरून उभी राहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू इलेक्ट्रॉनिक्स शिकतंस मां?"

मी तेव्हा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे घरातली बिघडलेली प्रत्येक वस्तू, मिक्सरपासून मोबाइलपर्यंत, माझ्याकडे येते आणि ती दुरुस्त झाली नाही की माझ्या शिक्षणाबद्दल शंका येते. मी आईला म्हटलं, "आई, आवाज मोठा आहे तो दादाने मोठा ठेवलाय म्हणून. यात इलेक्ट्रॉनिक्स काय करणार?"

पण तसं नव्हतं. निदान दादाचं म्हणणं तसं नव्हतं.

मी खळ्यात गेले तेव्हा तो चाकाचे आरे पुसत होता. मी म्हटलं, "दादा, थोडो आवाज कमी कर ना. बाबा झोपलेत."

"होणा नाय," तो वर न बघता म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे होणा नाय. बटाण बिघडला. आपसूक वाढता आवाज. मी काय करू?" त्याने कमी करायचं बटण माझ्यासमोर तीन-चारदा दाबलं. खरंच काही झालं नाही. "दिसला? आता जा."

"मग बंद तरी कर."

"आणि गाडी काय भजन म्हणीत धुवू?"

विहिरीवरून काकी म्हणाली, "बंद कर म्हणता! आमच्या खळ्यात आमी श्वास घेवचो की नको, ताय इचारून घी हो तेंका."

मी म्हटलं, "मी बघू का बटण?" हे बोलताना माझा आवाज चिरकला. मला आठवतं कारण दादाने त्याची नक्कल केली. "मी बघू का बटण! बांद्याच्या माणसान बसवलेला हा. तो म्हणता वायरिंग नवा घालूचा लागात. आणि तू बघतलंस."

काका पडवीत आरामखुर्चीत होते. काका वाडीतले मानकरी. देवळातलं गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला घातलेलं मागणं, त्यांच्या तोंडून होतं, वाडीत कोणाचं काही नवीन आलं की पहिला नारळ त्यांच्या हातून फुटतो. त्यांनी तिथूनच सांगितलं, "बघूंदे रे. सरकार फी माफ करता ती कित्याक, ता तरी कळांदे."

अशी मला परवानगी मिळाली.

दुसऱ्या दिवशी कॉलेज नव्हतं. मी मीटर, स्क्रू ड्रायव्हर आणि जुना टूथब्रश घेऊन खळ्यात गेले. दादा माझ्या डोक्यावर उभा राहिला. त्याचे दोन मित्र, स्कूबाच्या बोटीवर जाणारे, विहिरीच्या कठड्यावर बसले. कोणीतरी माझ्यावर मोबाइल धरला होता. मी स्क्रू काढत असताना दादा म्हणाला, "रंग उडालो तर बघ." मी सीट उचलली तर म्हणाला, "सीटखाली बटाण नाय आसा गो, बटाण हंय आसा." मित्र हसले.

मला आधी अर्थिंगचा संशय होता. समुद्राकाठी लोखंडाचं काय होतं ते आम्हाला माहीत असतं. दाराच्या कडीपासून गॅसच्या शेगडीपर्यंत सगळं खारा वारा खातो. म्हणून मी अर्थिंगची वायर उघडली, घासली, परत आवळली. गाणं लावलं. आवाज चढत चढत टोकाला गेला. दादा म्हणाला, "वा."

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. हँडलच्या डबीतून सीटखाली येणारा कनेक्टर सोडवला. म्हणजे आता अँप्लिफायरला बटणं जोडलेलीच नव्हती. गाणं पुन्हा लावलं. आवाज जिथे होता तिथेच थांबला. याचा अर्थ डबा ठीक होता. कुणी बोट लावलेलं नसताना त्याला हँडलवरून सारखा निरोप येत होता की 'वाढव' दाबलंय. त्या डबीतून खाली येतात फक्त दोन वायरी. बटणं तीन असली तरी वायरी दोनच, कारण प्रत्येक बटणामागे वेगळ्या मापाचा रेझिस्टर असतो आणि वायरींमधून किती अडथळा येतो त्यावरून डबा ओळखतो की कोणतं बटण दाबलं. काहीच दाबलं नसेल तेव्हा मीटरने काही दाखवायचं नसतं. माझा मीटर दाखवत होता.

मी हे दादाला समजावून सांगायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, "लेक्चर नको. करतंस काय ता कर."

मी हँडलची डबी उघडली. आतून मुंग्या बाहेर आल्या. बारीक, तांबड्या, माझ्या मनगटावर चढल्या. आत सगळं चिकट होतं. तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवा लेप आणि कोपऱ्यात काहीतरी लालसर सुकलेलं.

"ईss," एक मित्र म्हणाला. "रे, तुझ्या गाडयेत मुंगयांनी घर बांधल्यानी. तेंकाय रूम भाड्यान दी."

"चाय सांडली असात," दादा म्हणाला.

मीही तेच धरलं. चहा, नाहीतर शहाळं. मी मुंग्या झाडल्या, स्पिरिटमध्ये ब्रश बुडवून पट्ट्या घासल्या, उन्हात वाळवल्या, परत बसवल्या. मीटर काही दाखवेना. गाणं लावलं, कमी करायचं बटण दाबलं, आणि आवाज खाली आला. दादाने स्वतः दाबून बघितलं. वर, खाली, वर, खाली. मोबाइल धरणाऱ्याने मोबाइल खिशात ठेवला.

त्यानंतर काही दिवस बरे गेले. दादा गाणी लावायचा, पण खिडकी थरथरत नव्हती. मला वाटलं, तो वाईट नव्हता, बटणच वाईट होतं. बाबा दुपारपर्यंत झोपायचे आणि उठल्यावर माणसासारखे बोलायचे. आई मला म्हणाली, "शिकलंस तेचो उपयोग झालो." मला इतकं बरं वाटलं की मी ते कॉलेजात मैत्रिणींनाही सांगितलं.

मग एका सकाळी मी कॉलेजला निघण्यासाठी वेणी घालत होते आणि गाणं सुरू झालं. आधी हळू. मग थोडं मोठं. मग आणखी. आरसा हलायला लागला आणि त्यात माझा चेहरा हलायला लागला. बाबा चटईवर उठून बसले.

मी धावत बाहेर गेले. दादा हात कमरेवर ठेवून उभा होता, माझीच वाट बघत असल्यासारखा.

"इलंस? बघ. तुझा काम."

"मी काय केलं?"

"तू उघडलंस, आता पयल्यापरास बिघडला. पयला हळू हळू तरी वाढी. आता थांबताच नाय."

"मग बंद कर!"

"माका बंद कर सांगू नको हां. तू बिघडवलंस, तू दुरुस्त कर. तवसर वाजतला."

काकी म्हणाली, "पोरी-चेडवांका गाडयेक हात लावक दिल्यावर दुसरा काय होतला."

मी त्या दिवशी कॉलेजला गेले, पण माझं लक्ष नव्हतं. महिन्याभरात डबीत पुन्हा चहा सांडला? मुद्दाम सांडला? मी दादाबद्दल फार वाईट वाईट विचार केले. संध्याकाळी परत येताना वाटेत वाडीतला रिक्षावाला भेटला, त्याच्या रिक्षातून आले. वळणावर त्याने हॉर्न दाबला आणि हॉर्न अडकला. दाबून सोडला तरी वाजतच राहिला. त्याने बटणावर बुक्की मारली.

"ह्या अमाशेचा लफडा," तो म्हणाला. "अमाशेनंतर दोन-चार दिस असोच आपसूक वाजता. मगे सुकता."

"काय सुकतं?"

"नारळाचा पाणी. आणि काय?"

मी रिक्षात बसल्या बसल्या बोटांवर दिवस मोजले.

आमच्याकडे अमावास्येला गाड्यांना नारळ असतो. संध्याकाळी वाडीतल्या रिक्षा, टेम्पो, मोटारसायकली आमच्या खळ्यात रांगेने उभ्या राहतात, कारण मान काकांचा. काका हँडलला हळद-कुंकू लावतात, गाऱ्हाणं घालतात, नारळ फोडतात आणि पाणी हँडलवर ओततात. डाव्या मुठीवर आधी. असं का, ते मला माहीत नाही, पण डाव्या मुठीवरच आधी. मी जन्मापासून ते बघत होते आणि बघत नव्हते. गोड पाणी, थोडं खारट, त्यात कुंकू. ते बटणांच्या फटीतून आत जातं, सुकतं, चिकट राहतं आणि पट्ट्यांना एकमेकींशी जोडतं. मुंग्या त्यासाठीच आल्या होत्या. रिक्षाच्या हॉर्नला एकच बटण, म्हणून तो नुसता अडकायचा. दादाच्या डबीला ते पाणी 'वाढव' म्हणून वाचता येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेज बुडवून मी डबी परत उघडली, परत घासली. या वेळी मी ओल्या पट्ट्यांना मीटर लावून दादाला आकडा दाखवला, मग वाळल्यावर दाखवला. आणि म्हटलं, फार जपून म्हटलं, "नारळाचं पाणी इथे नको. चाकावर ओतलं तर चालेल. किंवा मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून डबीवर चढवून देते."

"माझ्या गाडयेक ट्यूबचो तुकडो?" तो म्हणाला. मग पडवीकडे वळून काकांना मोठ्याने, "बाबा, आयकलात? तुमच्या नारळान गाडी बिघडता म्हणता ही."

काका उठले. ते उठून खळ्यात आले हेच मला पुरेसं होतं. "काय म्हणालंस?"

"काका, पाणी आत जातं. बटणात."

"देवाच्या पाण्यान बिघडता?"

"पाणी कोणाचंही असलं तरी..." मी एवढंच बोलले आणि मला कळलं की हे बोलायला नको होतं.

"कोणाचाय!" काका म्हणाले. "आयकलास रे? कोणाचाय! तुझ्या आज्यान ह्याच खळ्यात नारळ फोडल्यान, तेव्हा तुझो बापूस वादळातून परत इलो. तेव्हा पाणी कोणाचा होता? कॉलेजात ह्याच शिकवतत तुमका? देवाक मीटर लावक?"

काकी आली. आई आली. मागच्या खोल्यांतले पाहुणे गॅलरीत उभे राहून बघायला लागले. आई मला हाताला धरून आत घेऊन गेली आणि आत गेल्यावर म्हणाली, "देवाचा कित्याक काढलंस? आवाजाचा बोलाचा होता." मी म्हटलं, "दोन्ही एकच आहे." ती म्हणाली, "ता माका कळता. थंय बोलाचा नाय."

बाबा अर्थात जागे होते. चटईवर बसून त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, ते माझी बाजू घेतील. ते म्हणाले, "मीय बोटयेक नारळ फोडतंय. देवाचा बोला नको." मला रडू आलं. मी कोणासाठी हे करत होते? पण ते पुढे काही तरी पुटपुटले. मला नीट ऐकू आलं नाही म्हणून मी विचारलं. ते म्हणाले, "फोडतंय नाळीर. पुढच्या टोकार. इंजिनार कोण ओतणा नाय." आणि परत आडवे झाले.

पुढची अमावास्या येईपर्यंत आवाज ठीक होता, कारण मी डबी स्वच्छ केली होती. पण आता सगळ्यांना माहीत होतं की अमावास्या येणार आहे. दादा मला येता-जाता म्हणायचा, "नारळ आणून ठेयलंय हां. मोठो. पाणयाचो." त्याच्या मित्रांनी माझं नाव मीटर ठेवलं. मी बसस्टॉपवर उभी राहिले की ओरडायचे, "मीटर डाऊन करा!" मला चटकन उत्तर सुचत नाही. घरी आल्यावर सुचतं.

अमावास्येला बाबांची बोट बंद असते. त्या संध्याकाळी बाबा खळ्याच्या कडेला पायरीवर बसले होते. गाड्या रांगेने लागल्या. दादाची सगळ्यात पुढे, पुसून चकचकीत. काकांनी सोवळं नेसलं होतं. माझ्या मनात काही ठरलेलं नव्हतं. ट्यूबचा तुकडा माझ्या हातात होता, पण तो मी चढवू लागले असते तर दादाने हिसकावून फेकला असता. काकांनी हळद-कुंकू लावलं, नारळ हातात घेतला, आणि मी पुढे जाऊन डाव्या मुठीजवळच्या डबीवर माझा तळवा ठेवला. दोन्ही हात, एकावर एक.

मागच्या रांगेतला रिक्षावाला बघायला पुढे सरकला.

"हात काढ," दादा म्हणाला.

मी काढला नाही. मला वाटतं मी मान हलवली. दादाने माझ्या मनगटाला धरलं. तेव्हा बाबा पायरीवरून उठले. ते जवळ आले नाहीत. उभे राहून काकांना म्हणाले, "भाऊ, रवांदे. बोटयेक नाळीर नारळ फोडतत, इंजिनात ओतणत नाय. देव रागावणा नाय." बाबा आपल्या थोरल्या भावाशी कितीतरी काळाने बोलत होते.

काकांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. पण दादाला डोळ्यांनी खूण केली आणि दादाने माझं मनगट सोडलं. मग काकांनी नारळ उंच धरून गाऱ्हाणं सुरू केलं, नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकरांनी आज नारळ ठेयलेलो हा, तो मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"ह्या गाडयेक वाटेत काय वाकडा-तिकडा इला तर ता बाजूक कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि जी कोण चार बुका शिकान देवाक शिकवूक इली हा, लोकांच्या वस्तूत हात घालता हा, तिका चांगली बुद्धी दी रे म्हाराजा!"

या वेळी 'व्हय म्हाराजा' जरा थांबून आलं. रिक्षावाला म्हणाला, बहुतेक सवयीने. दादाचे मित्र जोरात म्हणाले. काकी सगळ्यांत मोठ्याने. मलाही म्हणावं लागलं, कारण गाऱ्हाण्याला गप्प राहायचं नसतं. मी म्हटलं, "व्हय म्हाराजा." माझे हात हलले नाहीत.

काकांनी नारळ फोडला आणि पाणी ओतलं, नेमकं माझ्या हातांवर, हळूहळू, शेवटच्या थेंबापर्यंत. ते कोपरापर्यंत ओघळलं. मग ते पुढच्या गाडीकडे गेले. रिक्षाजवळ गेल्यावर रिक्षावाला घाईघाईने म्हणाला, "माझ्या हॉर्नार नको हां. तेका मी चाकार घेतंय." कोणीतरी हसलं. काका हसले नाहीत. पण रिक्षाचं पाणी चाकावर ओतलं.

दुसऱ्या दिवशी बोट गेली. त्याच्या पुढच्या सकाळी बाबा येऊन झोपले. साडेनऊच्या सुमारास दादा बादली घेऊन आला आणि त्याने गाणं लावलं. आरसा हलला.

मी खिडकीत आले. डबी कोरडी होती, हे मला माहीत होतं आणि त्यालाही. तोपर्यंत मी खरंच समजत होते की भांडण त्या डबीशी आहे. ती साफ केली की संपेल. आता आमच्या दोघांच्या मधे बिघडलेलं काहीच नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता आणि गाणं टोकाच्या आवाजात वाजत होतं.

रिक्षावाला पाहुण्यांना न्यायला आला होता, विहिरीवर तोंड धूत होता. तो ओरडून म्हणाला, "काय रे, बटाण चलता मां आता?"

दादा फडकं बादलीत बुडवून पिळत राहिला.

"नाय, चलता तर कमी कर. तांडेल झोपलेलो आसा. बिघडलेला होता तवसर आमी काय म्हणाक नाय."

"माझी गाडी. माझा बटाण."

"तुझाच रे. म्हणानच तुका सांगतंय. दुसऱ्याचा असता तर तेका सांगलंय असतंय."

गॅलरीत पाहुणे उभे होते. दादाने बटणावर अंगठा ठेवला आणि आवाज खाली आणला, इतका खाली की फडक्याचं पाणी बादलीत ठिबकतंय ते ऐकू यायला लागलं. मग त्याने गाणंच बंद केलं, फडकं बादलीत आपटलं आणि गाडी अर्धी ओली तशीच घेऊन निघून गेला.

त्यानंतर तो गाडी बाहेर रस्त्यावर धुतो. माझ्याशी बोलत नाही. त्याचे मित्र अजून मला मीटर म्हणतात. काका दर अमावास्येच्या गाऱ्हाण्यात चार बुकं शिकलेल्या मुलीला बुद्धी मागतात, सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात, मीही म्हणते. डबीवर मात्र आता दादा स्वतःच हात ठेवतो. मला तिथे येऊ देत नाही.

बाबा दुपारपर्यंत झोपतात. त्यांचं घोरणं खळ्यात ऐकू जातं. परवा काकी रहाट ओढताना, कोणाकडे न बघता, मोठ्याने म्हणाली, "काय ता घोरणा! आमच्या गिऱ्हायकांची झोप मोडता."

आई कळशी घेऊन मागे उभी होती. तिने काकीला बऱ्याच वर्षांनी पहिल्यांदा उत्तर दिलं.

"ऐकाक येता? बरा झाला," आई म्हणाली, आणि कळशी पुढे सरकवली.